कापडी पिशवी सात हजार वेळा वापरायची का? आणि विद्यापीठांच्या पॉडकास्टबद्दल वाचकांचे आणखी काही प्रश्न

समाज, पर्यावरण, शाश्वतता अशा विषयांवर तज्ज्ञांना बोलतं करणारे पॉडकास्ट हल्ली विद्यापीठं स्वतःच काढतात. गेल्या अंकात त्यावर लिहिलं आणि शेवटी ‘काही विचारायचं असेल तर विचारा’ अशी ओळ टाकली. पत्रं भरपूर आली. बरीच उत्तरं टपालाने दिली आहेत, सहा इथे देते. एका वाचकांनी प्रश्नाऐवजी वसुंधरेवर कविता पाठवली आहे. ती संपादकांकडे दिली, पुढचं त्यांनी बघावं.

प्रश्न : आमच्या विद्यापीठाने ‘समाज आणि शाश्वत विकास’ ही पॉडकास्ट मालिका सुरू केली आणि ती माझ्या गळ्यात पडली. पहिल्या भागात एक ज्येष्ठ जलतज्ज्ञ पंचावन्न मिनिटं बोलले. बहुतेक श्रोते पाचव्या मिनिटाला निघून गेल्याचं दिसतंय. माणूस मोठा, विषय महत्त्वाचा. मग अडलं कुठे? आणि एवढ्या मोठ्या माणसाला मध्येच थांबवायचं तरी कसं?
– सहायक प्राध्यापक, लातूर जिल्हा

उत्तर : सर, तुम्ही पाठवलेला भाग मी शेवटपर्यंत ऐकला. पहिली चार मिनिटं कुलगुरूंचे आभार, पाहुण्यांचा परिचय आणि पुरस्कारांची यादी यांत गेली. श्रोता पाचव्या मिनिटाला गेला म्हणजे सत्कार संपेपर्यंत बिचारा थांबला होता. हा सगळा भाग कापा. परिचय दोन वाक्यांत होतो.

खरी अडचण पुढे आहे. सात-आठ मिनिटांनी पाहुणे म्हणतात, “या योजनेतून पाच टीएमसी पाणी उपलब्ध होईल,” आणि तुम्ही “वा!” म्हणून पुढच्या प्रश्नावर जाता. तिथेच थांबायला हवं होतं. टीएमसी हा शब्द आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो, पण तो डोळ्यांसमोर उभा राहत नाही. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे साधारण २,८३० कोटी लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर अठ्ठावीस लाखांहून जास्त टँकर. लातूरच्या श्रोत्याला टँकर कळतो. २०१६ साली त्याने मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलं आहे. हा हिशेब तुम्ही सांगू नका, पाहुण्यांकडून वदवून घ्या. मग विचारा, या पाच टीएमसीतलं माझ्या तालुक्याला किती, आणि कोणत्या महिन्यात?

थोडं पुढे ते म्हणतात, “पाणलोटाच्या कामानंतर भूजलपातळी दीड मीटरने वर आली.” इथे विचारायचं, “सर, ही ऑक्टोबरची पातळी की मार्चची?” भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते. आपल्या राज्याचा चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा आहे आणि या खडकाच्या पोटात पाणी साठायला जागा फार थोडी. पावसाळा सरला की विहीर काठोकाठ, आणि होळीला तिच्यात पोहरा आपटायचा आवाज येतो. त्यामुळे ऑक्टोबरच्या आकड्यावर फोटो छान निघतो, गाव जगतं ते मार्चच्या आकड्यावर. तुमचे पाहुणे चाळीस वर्षं याच कामात आहेत, त्यांना हा फरक तोंडपाठ असणार. कोणी विचारलंच नाही, म्हणून ते बोलले नाहीत.

थांबवायचं कसं, म्हणता. ध्वनिमुद्रणाआधी चहा घेताना सांगून टाकायचं, “सर, मी मधूनमधून अडाण्यासारखं विचारीन, राग मानू नका.” आकाशवाणीत असताना मी हे भल्याभल्यांना सांगितलं आहे, कोणी रागावलं नाही. उलट आकडा कुठून आला असं विचारलं की तज्ज्ञ खुलतो. त्याच्या उमेदीची वर्षं त्या आकड्यात गेलेली असतात आणि घरी त्याबद्दल कोणी विचारत नसतं.

नमुने ऐकायचे असतील तर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे दोन पॉडकास्ट शेजारी ठेवून ऐका. एकात तिथली जाहीर व्याख्यानं जवळजवळ जशीच्या तशी टाकलेली असतात. दुसऱ्याचं नाव ‘एलएसई आयक्यू’. त्यात एका भागात एकच प्रश्न घेतात आणि वेगवेगळे अभ्यासक त्याचं उत्तर शोधतात. केंब्रिजच्या ‘माइंड ओव्हर चॅटर’ची पहिली मालिका हवामानबदलावर होती. तिच्यात निवेदक मध्येच थांबून ‘आतापर्यंत काय कळलं’ ते दोन-चार वाक्यांत सांगतात. इंग्रजी ऐकणाऱ्यालाही दमायला होतं, हे त्यांनी मान्य केलंय. आपण मात्र श्रोत्याला तासभर एका दमात पळवतो.

प्रश्न : मी ऊस उत्पादक आहे. कुठल्याही विद्यापीठाचा कार्यक्रम लावला की एक वाक्य येतंच : ‘ऊस चार टक्के जमिनीवर आणि पाणी पितो सत्तर टक्के.’ शहरात बसून आम्हाला गुन्हेगार ठरवणारे हे तज्ज्ञ कधी बांधावर आलेत का?
– शेतकरी, वाळवा तालुका

उत्तर : दादा, वाक्य हवेतून आलेलं नाही. केंद्राच्या कृषी खर्च आणि मूल्य आयोगाने उसाच्या दराबद्दलच्या एका अहवालात ते मांडलं होतं : महाराष्ट्रात लागवडीखालच्या क्षेत्रात उसाचा वाटा चार टक्क्यांहून कमी आणि सिंचनाच्या पाण्यात जवळजवळ सत्तर टक्के. पण तोंडातोंडी होताना त्यातलं ‘सिंचनाच्या’ गळून गेलं आणि आता ऐकणाऱ्याला वाटतं, राज्यातलं सगळं पाणीच ऊस पितो. शिवाय शेताला किती पाणी दिलं हे आपल्याकडे मीटर लावून कोणी मोजत नाही, त्यामुळे असल्या आकड्यात अंदाजाचा भाग असतो. यावर अभ्यासकांतही वाद आहेत, आणि ते कार्यक्रमात ऐकू यायला हवेत.

तुमचा राग मला कळतो, पण मला खटकतं ते आकड्यानंतरचं. निवेदक तिथेच थांबतो. शेतकरी ऊसच का लावतो, हे विचारत नाही. उसाला कायद्याने ठरलेला किमान दर आहे. ऊस कारखान्याला पोचल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यावेत, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. तो किती पाळला जातो ते तुम्ही मला सांगाल! तरी निदान भांडायला कागद हातात असतो. तुरीला, ज्वारीला हमीभाव जाहीर होतो आणि खरेदी केंद्र उघडायची वाट बघण्यात भाव पडतो. हा अर्थशास्त्राचा भाग आहे आणि तो सांगणारा माणूस बहुधा त्याच विद्यापीठात, शेजारच्या इमारतीत बसलेला असतो. त्याला बोलवायचं कोणाला सुचत नाही.

आता तुम्हालाही एक विचारते. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर वाटलं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि ऊस लावायचा नाही, हे सर्वांनी आधीच कबूल केलं. ही माणसं शहरातली नव्हती, बांधावरचीच होती. तुमच्या भागात हे चालणार नाही असं तुम्ही म्हणाल, आणि कदाचित बरोबरही म्हणाल, कारण कृष्णाकाठ म्हणजे पुरंदरचं माळरान नव्हे. पण का चालणार नाही, यावर तुम्ही आणि तो जलतज्ज्ञ समोरासमोर बसलात तर मी तो भाग तासभर ऐकेन.

प्रश्न : हे पॉडकास्ट विद्यापीठं ‘नॅक’च्या फायलीसाठीच काढतात ना?
– नाव छापू नये, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : काही ठिकाणी, होय. ओळखायचं कसं? तीन भाग येतात, तिन्हींत विभागप्रमुखच पाहुणे असतात, आणि नॅकची, म्हणजे शिक्षणसंस्थांना दर्जा देणाऱ्या परिषदेची, समिती भेट देऊन गेली की चौथा भाग येत नाही. पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका. शिक्षणसंस्थांना स्वतःचं रेडिओ केंद्र चालवायची मुभा २००२ च्या धोरणाने मिळाली. २००४ साली चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं, पुढे पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ आली. त्या केंद्रांत विद्यार्थ्यांची हौस आणि कष्ट दोन्ही आहेत. त्यांचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरपलीकडे जात नाही आणि स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. पॉडकास्टला हे बंधन नाही, परवान्याची भानगड नाही. म्हणून तर कोणीही काढतं, नि कोणीही सोडून देतं.

प्रश्न : ताई, मुलीने परदेशी विद्यापीठाचा एक पॉडकास्ट ऐकवला. त्यात सांगितलं की कापडी पिशवी सात हजार वेळा वापरली तरच ती प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा बरी. मी वर्षानुवर्षं जुन्या परकराच्या, पलंगपोसाच्या पिशव्या शिवून सोसायटीत वाटतेय. मुलगी हसतेय. मी वेडी ठरले का?
– गृहिणी, डोंबिवली

उत्तर : अजिबात नाही. मुलीला हे उत्तर वाचून दाखवा.

हा आकडा बहुधा २०१८ च्या एका डॅनिश अभ्यासातला आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यासाठी तिथल्या तंत्रविद्यापीठाने दुकानात मिळणाऱ्या पिशव्यांची तुलना केली होती : कच्चा माल, कारखाना, वाहतूक, शेवटी विल्हेवाट, सगळं धरून. साध्या कापसाच्या पिशवीला आकडा आला ७,१०० वेळा आणि सेंद्रिय कापसाच्या पिशवीला २०,०००. अभ्यास चांगला आहे, गडबड ऐकवणाऱ्यांनी केली.

पहिली गोष्ट, ७,१०० हा आकडा अनेक निकषांपैकी सर्वांत वाईट निकषाचा आहे, ओझोन थराच्या हानीचा. फक्त हवामानबदलाचा निकष धरला तर त्याच अभ्यासात त्याच पिशवीला ५२ वेळा पुरतात. आठवड्याला एकदा भाजी आणली तर एक वर्ष. तुमची पिशवी त्याआधी फाटत असेल तर दोरा बदला!

दुसरी गोष्ट डोंबिवलीसाठी महत्त्वाची. डेन्मार्कात प्लॅस्टिकची पिशवी घरी कचऱ्याच्या डब्यात अस्तर म्हणून पुन्हा वापरतात, मग ती भट्टीत जाते आणि त्या उष्णतेवर वीज होते, असं त्यांनी धरलं आहे. पिशवी रस्त्यावर उडाली, गटारात अडकली, गाईच्या पोटात गेली, याचा हिशेब त्यात नाही, कारण तिथे ते फारसं घडत नाही. आपल्याकडे तेच घडतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पुराची कारणं बरीच होती, त्यातलं एक तुंबलेल्या गटारांतल्या पातळ पिशव्या. त्यानंतर राज्याने पिशव्यांवर निर्बंध आणले आणि २०१८ मध्ये व्यापक बंदी घातली. ती कितपत पाळली जाते, हे तुमचा भाजीवाला सांगेल.

तिसरी गोष्ट म्हणजे तुमचा परकर. तो सात हजारांचा हिशेब नवा कापूस पिकवून, त्याला पाणी-खत घालून, सूत काढून, कापड विणून केलेल्या पिशवीचा आहे. तुमच्या पिशवीसाठी नवा कापूस पिकलाच नाही. परकर त्याचं आयुष्य जगून झाला होता, उरलेल्या कापडाला तुम्ही कामाला लावलं. त्यामुळे तो आकडा तुमच्या पिशवीला लागूच पडत नाही.

तो लागतो समारंभात फुकट मिळणाऱ्या, छापील बोधवाक्याच्या नव्याकोऱ्या पिशव्यांना. माझ्याकडे कपाटभर आहेत, त्यातल्या निम्म्या पर्यावरण परिषदांच्या. मुलीला सांगा, पुढच्या वेळी कार्यक्रमात आकडा आला की तीन गोष्टी शोध : कुठल्या देशातला, कशाशी तुलना केलेली आणि काय मोजलेलं नाही. मूळ अहवाल इंटरनेटवर फुकट मिळतो आणि तिच्या पिढीला तो वाचता येतो.

प्रश्न : आम्ही एमएच्या चौघांनी मिळून पूर आणि शहर या विषयावर पॉडकास्ट करायचं ठरवलंय. स्टुडिओ नाही, पैसे नाहीत. एक सर बोलायला तयार आहेत. काय लागेल?
– विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : स्टुडिओ लागत नाही रे. हॉस्टेलची सर्वांत लहान खोली घ्या, भिंतींना गोधड्या टांगा, कपाटाची दारं उघडून कपडे बाहेर दिसू द्या. नागड्या भिंतीवर आवाज आपटतो आणि ऐकणारा वैतागतो. पंखा बंद, फोन विमान-मोडवर. माइक तोंडापासून एक वीत आणि थोडा बाजूला, नाहीतर ‘भ’ आणि ‘फ’ला फटाके वाजतील. पैसे जमले तर दुसरा माइक घ्या, दोघांत एक फिरवत बसू नका. फाइल मोनो आणि ६४ केबीपीएसवर काढा. अर्ध्या तासाचा भाग १५ एमबीच्या आत बसतो आणि शिरोळ-करवीरच्या गावांत सहज उतरतो. पार्श्वसंगीत नको. शाश्वततेवर बोलणं सुरू झालं की लोक बासरी का लावतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

पण तुमच्या सरांना खोलीत बसवूच नका. त्यांना पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर न्या. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे आकडे कोल्हापूरच्या पोरालाही पाठ असतात. तिथे उभं राहून विचारा : हे ३९ आणि ४३ ठरवले कसे? ४३ ला कुठल्या गल्लीत पाणी येतं? २०१९ आणि २०२१ ला पाणी जिथपर्यंत चढलं तिथे आज कुठली इमारत उभी आहे? चालत चालत बोला. वाऱ्यासाठी माइकवर जाड स्पंज चढवा. सरांना धाप लागली तर कापू नका, चालेल. शेवटी नदीकाठच्या एका दुकानदाराला तेच प्रश्न विचारा आणि दोघांची उत्तरं एकाच भागात ठेवा. जुळली नाहीत तर उत्तमच.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात संध्याकाळी दहा-बारा जण जमतो. नातू मोबाइलला स्पीकर जोडून विद्यापीठाचे शेती, पाणी, ग्रामसभा अशा विषयांवरचे भाग लावून देतो. ऐकून होतं, ‘चांगलं बोलले’ म्हणतो आणि घरी जातो. याचा उपयोग काय, ते कळत नाही.
– निवृत्त शिक्षक, श्रीगोंदा तालुका

उत्तर : गुरुजी, नकळत तुम्ही फार जुनी वही उघडली आहे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आकाशवाणी आणि युनेस्को यांनी तुमच्याच नगर जिल्ह्यासह पुणे, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत एक प्रयोग केला : रेडिओ शेतकरी मंडळं. सुमारे दीडशे गावं. कल्पना कॅनडातली, तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांचे असे गट चालत होते. पुणे केंद्रावरून आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम व्हायचा, असे वीस कार्यक्रम. प्रत्येक गावात वीसेक जणांचा गट, एक अध्यक्ष, एक चिटणीस. ब्रीद होतं : ऐका, चर्चा करा, कृती करा.

त्याचं मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केलं आणि ते बारकाईने केलं. मंडळ असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं, अशी तुलना होती. मंडळ असलेल्या गावांत लोकांची माहिती स्पष्टपणे वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारसा फरक पडला नव्हता. तुमच्या वाचनालयात आत्ता नुसता रेडिओ आहे.

त्या मंडळांत काय होतं जे तुमच्याकडे नाही? कार्यक्रम संपल्यावर कोणी उठायचं नसे. चर्चा व्हायची, चिटणीस ती लिहून घ्यायचा आणि अहवाल केंद्राकडे पाठवायचा. गावाच्या प्रश्नांना पुढच्या कार्यक्रमांतून उत्तरं मिळत. आपण लिहिलेलं पुण्यात कोणी वाचतं, हे कळल्यावर माणसं दुसऱ्यांदाही येतात. पुढे हे काम देशभर पसरलं आणि काही वर्षांत मंदावलं. मंडळं कागदावर वाढली, सांभाळणारी माणसं वाढली नाहीत.

तुमच्याकडे करायला अवघड काही नाही. भाग अर्ध्या तासाहून लांब असेल तर दोन संध्याकाळी ऐका. संपल्यावर स्पीकर बंद करून प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं : यातलं आपल्या गावात काय खरं, काय खोटं. महिलांची बैठक संध्याकाळी जमत नसेल तर दुपारी वेगळी घ्या. पिण्याचं पाणी कोण भरतं, हे तुमच्या बारा जणांपेक्षा त्यांना जास्त माहीत आहे. एका पोराला वहीत लिहायला बसवा. त्यातून दोन प्रश्न निवडून त्याच विद्यापीठाला पाठवा, भागाचं नाव आणि गावाचं नाव घालून. ‘उत्तर पुढच्या भागात द्यावं’ असं स्पष्ट लिहा. ई-मेल नातू करेल, पण एक पत्र टपालानेही टाका. कार्यालयात कागद आला की त्याला आवक क्रमांक पडतो आणि मग तो सहजासहजी हरवता येत नाही.

महिनाभरात उत्तर आलं नाही तर वहीतले ते दोन प्रश्न मला पाठवा. इथे छापते आणि अंकाची एक प्रत त्या विभागात मी स्वतः नेऊन देते.